दोन शाळांची लीग आणि तिचा चिटणीस

…तर अशी केसलरची शाळाही बंद पडली आणि प्लम क्रीक या शालेय खेळांच्या लीगमध्ये दोनच शाळा उरल्या, लोवेन आणि पार्मली. दोन शाळांना लीग म्हणायचं म्हणजे नवरा-बायको बाजारात निघाले की त्याला मिरवणूक म्हणायचं. पण हे आर्लो व्होपातला सांगणार कोण? लोवेनच्या शाळेत बीजगणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस एकोणतीस वर्षं लीगचा चिटणीस होता. आठ शाळा असताना जेवढा रुबाब, तेवढाच दोन उरल्यावरही.

फेब्रुवारीत बास्केटबॉलची स्पर्धा भरायची. सोमवारी पहिली फेरी, लोवेन विरुद्ध पार्मली. गुरुवारी उपांत्य फेरी, लोवेन विरुद्ध पार्मली. आणि शनिवारी अंतिम सामना! लोक दारात तिकीट घेताना मुद्दाम विचारायचे, "आज कोण कोण आहे हो?" मग आर्लो 'लीगचे सर्वोत्तम दहा खेळाडू' जाहीर करायचा. दोन्ही शाळांची मिळून पोरं तेरा. उरलेल्या तिघांच्या आया त्याला फोनवरून सोलून काढायच्या.

पण सगळ्यात मोठा गाढवपणा म्हणजे नियम अकरा, आणि तो आर्लोच्याच हातचा. जी शाळा लीग सोडेल तिचे शेवटच्या मोसमातले सगळे विजय रद्द, करंडक दुसऱ्या शाळेला. फार पूर्वी एक शाळा रुसून मोसमाच्या मध्येच निघून गेली होती, तिला धडा शिकवायला म्हणून हा नियम. धडा घ्यायला ती शाळा जागेवर नव्हतीच. नियम तेवढा राहिला.

शेवटच्या वर्षी अंतिम सामना पार्मलीने जिंकला. पुढच्या शरद ऋतूत पाहावं तर दोन्हीकडे चार-चारच पोरं. दोन्ही शाळांनी मिळून एक संघ करायचा ठरवला, शेजारची मोठी लीग त्याला घ्यायलाही तयार झाली. अट एकच: दोन्ही शाळांच्या जुनी लीग सोडल्याच्या पत्रांवर चिटणिसाचा शिक्का बसल्याचं शुक्रवारी दुपारी बारापर्यंत फोनवरून कळवायचं. नाहीतर पोरांना त्या वर्षी एकही सामना नाही.

आता आधी सोडणार कोण? पार्मलीने आधी सोडली तर करंडक लोवेनचा. लोवेनने आधी सोडली तर लीगच संपली, करंडक घ्यायला दुसरी शाळाच नाही, म्हणजे तो पार्मलीतच राहिला. आणि करंडक तरी काय, तर लाकडाच्या ठोकळ्यावर एक हात तुटलेला पत्र्याचा खेळाडू! त्यासाठी दोन गावांची मोठी माणसं सहा आठवडे तोंडं फुगवून बसली होती.

धान्याच्या कोठारावर सकाळची कॉफी पिणारी लोवेनची मंडळी आर्लोच्या मागे लागली होती. "मास्तर, पार्मलीचं पत्र आधी उचला की झालं! कोण बघायला येतंय?" आर्लोने मान डोलावली होती. त्यालाही तो करंडक आपल्या शाळेच्या कपाटात हवा होता. खोटं कशाला सांगू?

शुक्रवारी साडेअकराला ग्लेनिस टॉर्केल्सन त्याच्या स्वयंपाकघरात आली. ही आर्लोचीच विद्यार्थिनी. अर्धा आठवडा लोवेनची, अर्धा आठवडा पार्मलीची शाळा तीच चालवायची. तिने दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली.

"व्होपात सर, दोन्ही एकदम घ्या."

"एकदम घेता येत नाहीत, ग्लेनिस. आवक क्रमांक एक आणि आवक क्रमांक दोन. नियम आहे."

"नियम तुम्हीच लिहिलाय ना?"

"म्हणून तर पाठ आहे."

"सर, आठ पोरं आहेत. बारानंतर ती हिवाळाभर काय करतील? भिंतीशी खेळतील?"

"नववीतही तू अशीच घाई करायचीस. पायऱ्या न लिहिता एकदम उत्तर."

"बरोबर यायचं माझं उत्तर."

"यायचं खरं," आर्लो म्हणाला.

मग त्याने चष्मा पुसला. शिक्क्याची शाई तपासली. पुन्हा चष्मा पुसला. बाराला आठ मिनिटं असताना त्याचा हात पार्मलीच्या पत्रावर गेला, ग्लेनिसने डोळे मिटले, आणि ठप्प! तिने डोळे उघडले तर शिक्का लोवेनच्या पत्रावर, शेजारी ठसठशीत 'एक'. लगेच पार्मलीचंही पत्र शिक्का मारून झालं.

तिने धावत जाऊन मोठ्या लीगच्या कचेरीला फोन लावला, पत्रांची नोंद करून घेतली आणि परत येऊन खुर्चीत बसली.

"सर, तुम्ही तर पक्के लोवेनचे! उद्या कॉफीला गेलात की मंडळी तुम्हाला फाडून खातील. सांगणार काय त्यांना?"

आर्लो शिक्का डबीत ठेवत म्हणाला, "सांगेन, की त्या अंतिम सामन्यात घड्याळ माझ्या हातात होतं. आपली पोरं मागे पडली म्हणून शेवटच्या तीन मिनिटांना मी साडेचार मिनिटं लावली, तरी पार्मलीने आपल्याला एकोणीस गुणांनी धुतलंच."