महाडला उतरलेला माणूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि नवऱ्याचं माझ्यापासून काही लपत नाही, असं ती चारचौघांत सांगत असते. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या चाळीतल्या कुणाला ओळखत नाही. तेवढंच कारण. हा काही धीटपणा नाही.

कुठून सुरू करू? गिरण्यांचा संप होऊन गेला होता. बाबा घरी बसले होते आणि मी भांडुपच्याच एका कारखान्यात नुकता लागलो होतो. मामाने कणकवलीजवळ माझ्यासाठी मुलगी पाहून ठेवली होती. ‘गणपतीच्या आधी बघून ये,’ म्हणून आईने एसटीचं तिकीटच आणून हातावर ठेवलं. ड्रायव्हरच्या मागची खिडकी.

मला जायचं नव्हतं. लग्न नको होतं हे खरं, पण पूर्ण खरं सांगायचं तर त्या शनिवारी वाकोल्याच्या एका मित्राने भाड्याने व्हिडिओ आणला होता. सगळा ग्रुप जमणार होता. हो, एवढ्याशासाठी. डेपोपर्यंत गेलो तेव्हाही मनात हेच, की दोन दिवस वाकोल्याला काढायचे आणि घरी येऊन म्हणायचं, गाडी चुकली.

डेपोत प्रभाकरदादा भेटला. आमच्याच मजल्यावरचा, दोन खोल्या सोडून. बायको, चार वर्षांची मुलगी. मला लहान भावासारखं वागवायचा. वडील अत्यवस्थ असल्याची तार आली होती आणि त्याला एकाही गाडीत जागा मिळत नव्हती. पाऊस तर आठवडाभर थांबलाच नव्हता.

“वाट लागली रे,” तो म्हणाला. “उभ्यानेपण घेत नाहीत.”

मी खिशातून तिकीट काढलं. “हे घे. पण मी गेलो नाही हे चाळीत बोलू नको हां.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसला. “तू पण ना! अरे, मुलगीवाले थांबलेत तिकडे.”

“थांबू देत. तू जा, दादा.”

माझा खांदा दाबून तो चढला. मला काय वाटलं असेल? आपण फार चांगलं काम केलं, असं वाटलं. खरंच.

दुसऱ्या दिवशी पावसामुळे आम्ही वाकोल्याच्या खोलीतून बाहेरच पडलो नाही. तिसऱ्या दिवशी इराण्याच्या हॉटेलात चहा पिताना रेडिओवर ऐकलं — पोलादपूरच्या पुढे घाटात दरड कोसळली, रस्ता बंद, कणकवलीची एक गाडी दरडीखाली. कुठली गाडी? मला विचारावं लागलं नाही. कप हातात होता तो मी खाली कसा ठेवला, आठवत नाही. ती खिडकी माझी होती. डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं.

भांडुपला पोचलो तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता — वाकोल्याच्या गल्लीतला, स्टेशनबाहेरचा. चाळीत गर्दी. आईचा आवाज जिन्यापासून ऐकू येत होता. मला बघितलं आणि ती अंगावर कोसळलीच. “माझो झील इलो! देवान राखल्यान रे!” बाबा — ज्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं — भिंतीला धरून रडत होते. गर्दीतून कुणीतरी विचारलं, “घाटातून चालत आलास?”

‘गाडी चुकली’ हे दोन शब्द तोंडात तयार होते. मी म्हणालो, “हो.”

बस. एवढं एकच अक्षर. तिथेच थांबता आलं असतं — आलं नसतं का?

तेवढ्यात शालिनीवहिनी आल्या. प्रभाकरदादाची बायको. मुलगी कडेवर. “भावजी, ह्येपण कणकवलीकच गेलेत. तुमका दिसले खंय?”

काय सांगणार होतो? माझ्या जागेवर बसलाय, असं? मग मी कुठे होतो, हे सांगावं लागलं असतं. आई अजून माझे हात धरून होती. माझ्या तोंडून शब्द आले ते मलाच परके वाटले. “माझ्याच गाडीत होता. महाडला चहाला उतरला. म्हणाला, पुढे रस्ता बरा दिसत नाही, मी दुसऱ्या गाडीने येतो. तो सुखरूप आहे, वहिनी.”

त्या तिथेच खाली बसल्या आणि मुलीचे मुके घेत सुटल्या.

तुम्हाला कळतंय ना, मी काय केलं होतं? दादाचा धाकटा भाऊ शोधायला निघाला होता. माझ्या शब्दावर तो घाटात गेलाच नाही. महाडचा स्टँड, धर्मशाळा, दवाखाने पालथे घालत बसला. दरडीतून काढलेल्या ज्या माणसांची ओळख पटली नाही त्यांना तोवर तिकडेच अग्नी दिला गेला. गावी वडील गेले — मुलगा का आला नाही, असं शेवटपर्यंत विचारत गेले.

आणि मग ते सुरू झालं, जे माझ्या स्वप्नातही नव्हतं. महाडला उतरला, पुढे गेला नाही, परत आला नाही — म्हणजे काय? आधी नळावर कुजबुज. मग उघड. दुसरं घर केलं असणार. पळाला. बाईच्या पायी बापाचं तोंडसुद्धा बघितलं नाही! मी जिन्यात उभा राहून हे ऐकलं. मी त्याला जिवंत ठेवला होता — तो असा.

तरी एक फट ठेवली होती मनात. खरंच उतरला असेल तर? पुढच्या वर्षी मामाकडे गेलो तेव्हा त्या गाडीत मागे बसलेले एक मास्तर भेटले. ते वाचले होते. मी विचारलंही नव्हतं, आपणच सांगू लागले. “पुढच्या खिडकीत एक जण होता. वडील आजारी म्हणून निघालेला. महाडला मला चहा पाजलान. गाडी सुटते की काय म्हणून पहिला जाऊन बसला तो.”

पहिला जाऊन बसला. मी मास्तरांना नमस्कार केला आणि निघालो. भांडुपला येऊन एक अक्षर बोललो नाही. पहिल्या वेळी घाबरलो होतो म्हणा. या वेळी? या वेळी सगळं माहीत होतं.

वहिनींनी लोकांची धुणीभांडी केली, मुलीला शिकवलं. कुंकू कधी पुसलं नाही. एकदा गॅलरीत तांदूळ निवडताना मला म्हणाल्या, “भावजी, तुमी सांगितलात म्हणान बरा झाला. खंयतरी जिवंत आसत, एवढा तरी माका म्हायती आसा. पण आमचा काय चुकला, ता एकदा सांगून तरी जाऊचा होता.”

मी मान हलवली. मान हलवली मी.

मुलगी मोठी झाली. शाळेत पोरं तिला काय म्हणायची, ते माझ्या कानावर यायचं. ती बापाचं नाव लावायची, पण त्याचा फोटो तिने भिंतीवर राहू दिला नाही. तिचं लग्न मुलुंडच्या हॉलमध्ये झालं. आदल्या दिवशी वहिनी आमच्याकडे आल्या. “कन्यादान तुमी दोघांनी करूचा. ह्यांच्या मागे आमका तुमीच.”

बायकोचे डोळे भरून आले. ती लगेच हो म्हणाली. मीही हो म्हणालो.

मांडवात मुलीचा हात माझ्या हातावर होता. गुरुजींनी विचारलं, वडिलांचं नाव? मी सांगितलं. मुलीने तोंड दुसरीकडे वळवलं. बायकोने वरून पाण्याची धार धरली, आणि मी हात तसाच ठेवला.