मूळ प्रोग्राममध्ये मिसळलेली शालूताई

वारासिवनीला कामानिमित्त गेलो होतो, तिथंच फोन आला. शालूताई सकाळी गेली. माझी ही मामेबहीण बालाघाटच्या कॉलेजात गणित शिकवायची. आजार सगळ्यांना ठाऊक होता, त्यामुळे धक्का बसला असं म्हणता येणार नाही. बसमधून परतताना मला तिच्या आजारापेक्षा तिचं कामच आठवत राहिलं...

मामांची दृष्टी निवृत्तीनंतर गेली. पेपरशिवाय त्यांना चैन पडत नसे. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा एक मोफत प्रोग्राम तेव्हा परदेशातली काही मंडळी मिळून लिहीत होती. पण त्याला मराठी येत नव्हती. त्याचा कोड सर्वांना खुला होता. ताईने तो उतरवून घेतला, स्वतःची वेगळी प्रत केली आणि तिला मराठी शिकवली; वाक्यात कुठं किती थांबायचं तेही स्वतः मोठ्यानं वाचून ठरवलं. अशा प्रतीला फोर्क म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. खरं काम त्यानंतरचं. मूळ प्रोग्राम काही थांबत नव्हता. तिकडे दुरुस्त्या झाल्या की त्या आपल्या प्रतीत आणायच्या, आणि एकच ओळ दोन्हीकडे बदललेली असली तर कुणाची ठेवायची ते ठरवायचं.

"ताई, जुनं चालून राह्यलं न. काहून एवढा त्रास घेतं?" मी एकदा विचारलं.

"जुनं तिथंच राह्यलं अन् पेपरच्या साइटी बदलल्या, तर एक दिवस बाबाले काहीच ऐकू येणार नाही," ती म्हणाली.

झालंही तसंच. मामांच्या ऑपरेशनच्या धावपळीत तिचं हे जुळवणं बरंच मागे पडलं, पेपरची साइट बदलली आणि प्रोग्राम मुका झाला. साठलेले फरक जुळवण्यात तिची उन्हाळ्याची सुट्टी गेली. मामा शेजारी बसून असत. "घाई नाही मले, तू जेव आधी," एवढंच म्हणत.

मामा गेल्यावर हे थांबेल असं वाटलं होतं. पण तोवर तिची प्रत आणखी काही अंध माणसं वापरू लागली होती. वारासिवनीचे एक संगीत शिक्षक त्यांतलेच; काही अडलं की ते ताईला फोन करत. मग तिच्या आजाराचं निदान झालं. डॉक्टरांकडून आल्यावर म्हणाली, "माह्यामागं हे जुळवत कोण बसन? मूळ प्रोग्राममधीच मराठी गेली पाह्यजे." ती आपले बदल एकेक करून मूळ मंडळींना पाठवू लागली. ती माणसं काटेकोर. हे पुन्हा लिहा, ते तपासा. काही तर सरळ नाकारलं. केमोच्या दिवसांतही ती मुकाट्यानं पुन्हा लिहायची. शेवटी मराठी मूळ प्रोग्राममध्ये गेली. ताईने स्वतःची प्रत बंद केली आणि त्या दुपारी बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

तेराव्यानंतर त्या शिक्षकांचा फोन आला. ताईच्या प्रोग्रामची नवी प्रत आता कोण देणार? मी सांगितलं, वेगळी नको, मूळ प्रोग्रामच उतरवून घ्या. त्यांनी घेतला आणि फोन स्पीकरपाशी धरून मला ऐकवला. आवाज यांत्रिकच... पण प्रत्येक स्वल्पविरामापाशी तो जरा जास्त थांबत होता.

"बोलताना ताई असंच थांबत होती न?" गुरुजींनी विचारलं.

"हौ," मी म्हणालो.