भर उजेडातली चोरटी

माझं पात्र एका रविवारी दुपारी, तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, भर उजेडात मेलं. ते मरण टाळता आलं असतं. मी टाळलं नाही, आणि आजही तो निर्णय बदलावा असं मला वाटत नाही.

हा खेळ टेबलाभोवती बसून खेळतात, पण तो घडतो बोलण्यात. एक जण गोष्ट चालवतो; त्याला डीएम म्हणतात. राजे, पहारेकरी, राक्षस, सगळे तोच. बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्र काय करणार ते खेळाडू सांगतो, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो, आणि फासा कधी टाकायचा ते डीएम ठरवतो. नियमांचं पुस्तक जाडजूड आणि इंग्रजीत आहे. आम्ही खेळतो मराठीत आणि भांडतो नागपुरीत.

आमचा डीएम नागपूरच्या मिहान उद्योगनगरीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, फ्लॅट त्याचाच. त्याची बायको ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. तिचं पात्र वैदू आहे. तिसरा खेळाडू मौद्याच्या वीज प्रकल्पात इंजिनिअर आहे. पाळीतून रविवार मोकळा मिळाला की तोंडाला दुपट्टा गुंडाळून मोटारसायकलवर येतो. त्याचं पात्र लढवय्या. चौथी मी. वर्तमानपत्राच्या नोकरीतून निवृत्त झालेली, त्याच इमारतीत खाली राहणारी. तिघंही मला काकू म्हणतात. माझं पात्र एक किडकिडीत चोरटी होती. तिला तलवार पेलत नव्हती, पण लपणं तिच्याइतकं कोणाला जमत नव्हतं.

सोसायटीतल्या बायकांनी मला भजनी मंडळात बोलावून पाहिलं. एकीने लिफ्टमध्ये विचारलं, "काहून वं, या वयात फासे खेळते?" मी म्हटलं, हो.

आमच्या टेबलाचा एक रिवाज आहे. पात्र मेलं की ती मोहीम, म्हणजे महिनोन्‌महिने चालणारी ती एक गोष्ट, संपेपर्यंत खेळाडू बाहेर. इतर ठिकाणी लोक नवं पात्र घेऊन लगेच परत बसतात असं ऐकते. आमचा रिवाज मीच मागून घेतला होता. मरण फुकटचं असेल तर जपून वागायला कारण उरत नाही, असं माझं म्हणणं होतं आणि ते सगळ्यांना पटलं. त्या रविवारी मोहीम निम्मीही झाली नव्हती. पाळ्या, परीक्षा आणि लग्नसराई सांभाळून आम्ही खेळतो, म्हणजे चोरटी मेली तर वर्षभर तरी मी टेबलाबाहेर जाणार होते. आठवड्यातल्या ज्या एका दुपारची मी वाट पाहते, ती जाणार होती.

प्रसंग असा होता. इंजिनिअरचा लढवय्या किल्ल्याच्या कोठडीत कैद होता. कोठडीची चावी दिवाणखान्यात, किल्लेदाराच्या खुर्चीमागच्या खुंटीला टांगलेली. दिवाणखान्यात मेजवानी चाललेली, मशाली पेटलेल्या, भिंतीशी तिरंदाज उभे. माझी चोरटी एका खांबामागे पोचली होती आणि लपण्याचा फासा उत्तम पडला होता. वैदू मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराआड होती. खांबापासून खुर्चीपर्यंत मोकळी फरशी.

"मी खुर्चीमागे जाते," मी म्हटलं.

"काकू, खांबाच्या बाहेर आल्या की दिसल्या," डीएम म्हणाला. "विषय संपला."

"कोणाले दिसली?"

"सगळ्याइले. एवढ्या मशाली कशाले लावल्या मी?"

"सगळे जेवून राहिले, गाणं ऐकून राहिले. खांबाकडे कोण बघते?"

पुस्तक उघडलं गेलं. या बाबतीत पुस्तक सरळ बोलत नाही. एका ठिकाणी म्हणतं, समोरच्याला तुम्ही स्पष्ट दिसू शकत असाल तर लपता येत नाही. दुसरीकडे म्हणतं, लपण्याजोगी परिस्थिती आहे की नाही ते डीएमने ठरवावं. मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासली आहेत. अशा मजकुरावर आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कवर एकच प्रश्न विचारला जायचा: कोणी पाहिलं? "दिसलं असतं" याची बातमी होत नाही. माझं म्हणणं तेवढंच होतं. उजेड असणं हा पुरावा नाही. कोणाची तरी नजर तिकडे वळली पाहिजे, आणि कोणाची वळली ते डीएमने सांगितलं पाहिजे.

इंजिनिअर माझ्या बाजूने होता. कोठडीत तोच होता. "आमच्या कंट्रोल रूममध्ये ये एकदा," तो डीएमला म्हणाला. "सगळे पॅनलकडे बघत बसते. मागून हत्ती नेला तरी कोणाले पत्ता नाही लागत गा."

"असं काही नसते," डीएमची बायको म्हणाली. "परीक्षेत मागच्या बाकावरच्या पोराले वाटते, मॅडम बघत नाही. मॅडमले सगळं दिसते."

"घे," डीएम म्हणाला. "घरातूनच साक्ष आली."

मग त्याने तडजोड मांडली. दोन फासे टाका, कमी असेल तो धरू. तेराच्या खाली आला तर तिरंदाज बाण सोडतील. चोरटीत जेमतेम एक बाण सोसण्याइतका जीव होता. तो दुष्टपणा करत नव्हता. आपल्या समजुतीप्रमाणे सवलतच देत होता.

मी फासे उचलले आणि परत खाली ठेवले.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका सरकारी समितीच्या बैठकीला गेले होते. एक विषय निघाला आणि पत्रकारांनी बाहेर जावं असं सांगण्यात आलं. बाकीचे उठले. मी बसून राहिले. लपले नव्हते, पुढच्या रांगेत होते. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या अधिकाऱ्याकडे. अधिकाऱ्याने शिपायाकडे पाहिलं, शिपायाने अध्यक्षांकडे. मला कोणीतरी परवानगी दिली असावी असं प्रत्येकाला वाटलं, आणि ती कोणी दिली हे विचारणं प्रत्येकाला अवघड गेलं. विषय सुरू झाला. बातमी दुसऱ्या दिवशी लागली. पुढच्या बैठकीपासून त्यांनी दाराशी माणूस बसवला.

"मी फासा टाकत नाही," मी म्हटलं. "चोरटी लपत नाही. खांबामागून बाहेर येते आणि फरशीच्या मधून चालत किल्लेदाराकडे जाते."

"मग तर सगळ्याइले दिसणारच."

"दिसू दे. मग?"

"मग काय?"

"तेच मी विचारून राहिली. दिसली. आता कोण उठते ते सांग."

डीएमने पुस्तकाकडे पाहिलं. पुस्तकात लपण्याचे नियम होते, सापडल्यानंतरचे होते, पण न लपता चालत येणाऱ्या बाईचा नियम नव्हता. शेवटी त्याने किल्लेदाराचा आवाज काढला. "कोण तू?"

"कोठडीची चावी द्या. कैदी हलवायचा आहे."

"कोणाच्या हुकमाने?"

"तुम्हाला सांगितलं नाही कोणी?"

इंजिनिअरने टेबलावर हात आपटला. "जमलं! प्लांटवर असंच होते. डोक्यावर हेल्मेट, हातात फाइल घेऊन कोणी घुसला की त्याले कोणी विचारत नाही. वरून चहा पाजते."

डीएमही हसत होता, पण हिशोबाला पक्का होता. हे थापा पचवण्याचं काम आहे, त्याला फासा लागेल, पंधरा पाहिजेत, असं त्याने सांगितलं. ते योग्य होतं. मी फासा टाकला. चार आले.

"काकू, परत टाका," तो म्हणाला. "एवढ्या हिमतीचा एक चान्स माझ्याकडून."

"नको. पडले ते पडले."

किल्लेदार उठला. "धरा हिला!" गाणं थांबलं. तिरंदाजांनी धनुष्यं उचलली. डीएमने बाणांसाठी आपला फासा हातात घेतला.

"एक मिनिट," त्याची बायको म्हणाली. "आत्ता सगळे कोणाकडे बघून राहिले?"

"काकूंकडे."

"मी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. खुर्चीमागे चालली. माझ्याकडे कोण बघून राहिलं? नाव सांग त्याचं."

"तू उजेडात आहेस."

"काकूही उजेडातच होत्या. नियम मशालीचा आहे का नजरेचा, एकदाचं ठरव."

"आत्ता तर म्हणत होती, मॅडमले सगळं दिसते."

"दिसते. पण एक पोरगं मधोमध उभं राहून ओरडलं की त्याच्याकडेच बघावं लागते. तेवढ्यात बाकीचा वर्ग कॉपी करून घेते. दरवर्षी होते हे."

डीएमने फासा खाली ठेवला. "टाक," तो बायकोला म्हणाला.

तिला सतरा पडले. खुंटीवरची चावी गेली. ती गेल्याचं किल्लेदाराला कळलं नाही, कारण तो माझ्याकडे बघत होता. त्यानंतर बाण सुटले आणि चोरटी फरशीच्या मधोमध पडली. सगळ्यांच्या देखत.

रिवाज या वेळेपुरता बाजूला ठेवू, असं डीएम म्हणाला. बाकी दोघांनी लगेच होकार दिला. मी नकार दिला. रिवाज माझा होता; माझ्यावर आल्यावर तो मऊ करून घेणं मला मान्य नव्हतं. मी माझे फासे डब्यात टाकले आणि जिना उतरले.

पुढच्या रविवारी ठरल्या वेळी मी वर गेले. टेबलाशी बसले नाही. कूलरसमोरच्या दिवाणावर बसले. मेलेल्या पात्राच्या खेळाडूने खेळायचं नाही, एवढाच रिवाज आहे. त्याने यायचं नाही, असं कोणी कधी म्हटलेलं नाही.

इंजिनिअर दुपट्टा सोडत आत आला आणि थबकला. "काकू, तुम्ही तं मेल्या होत्या ना?"

"मेलीच आहे. चहा ठेवला का रे?"

डीएमने माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायकोने इंजिनिअरकडे. चहा चार कप आला.

खेळ सुरू झाला. लढवय्या कोठडीतून सुटला होता. आता दोघांना किल्ल्याच्या दरवाजातून बाहेर पडायचं होतं. दिवस होता, ऊन होतं, आणि दरवाजात एकच पहारेकरी. "दरवाजापाशी आडोसा नाही," डीएम म्हणाला. "मागच्या वेळचा निकाल त्या दिवसापुरता होता. उजेडात आले की दिसले."

मी खोकले.

"काकू," तो मागे न वळता म्हणाला, "मेलेल्या माणसाने खोकायचं नाही."

"कुठे लिहिलं आहे? दाखव."

त्याने खरोखरच पुस्तक ओढलं आणि पानं उलटायला लागला. त्याची बायको जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने आपला फासा उचलला.

"तुझा पहारेकरी पुस्तक वाचून राहिला ना?" ती म्हणाली. "मग आम्ही दोघं निघालो."