तीन शिट्ट्यांचं ध्यान

चौथी शिट्टी झाली तेव्हा मी दोन्ही हातांनी दार बडवत होते. दार आतून बंद होतं. आत माझी पावणेदोन वर्षांची नात एकटी होती आणि शेगडीवर डाळीचा कुकर होता. मी बाहेर गॅरेजमध्ये. पायांत मोजे, साडीवर मुलाचा जुना स्वेटर.

कुलूप तिनंच लावलं होतं. तिथल्या दारांना आतल्या बाजूनं पितळेची एक खुंटी असते. ती आडवी फिरवली की कुलूप बसतं, मग बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. फिरवताना खट् असा आवाज येतो. तो आवाज तिला फार आवडायचा.

"फिरव बाळा. परत फिरव," मी म्हटलं.

"नो," ती आतून म्हणाली. त्या महिन्यात तिला या शब्दाचं वेड होतं.

मी गॅरेजमध्ये काय करत होते? ध्यान करत होते. हसायचं असेल तर हसा, मुलाचे मित्र नंतर हसलेच.

२००५ सालची गोष्ट. मुलगा आणि सून अमेरिकेत बॉथेलला राहत होते, दोघंही कॉम्प्युटरच्या नोकरीत. मूल झालं तेव्हा सहा महिने सुनेची आई आणि सहा महिने मी, असं ठरलं. तिकडच्या मराठी घरांत ही पद्धतच होती. व्हिसा सहा महिन्यांचा, म्हणून आजीही सहा महिन्यांची. एक उतरायची, दुसरी चढायची. जाणारी आजी येणारीसाठी वहीत लिहून ठेवायची: कोणता नळ गरम, कोणतं बटण दाबायचं नाही, पोरीला काय पचत नाही. माझ्या विहीणबाईंनी चौदा पानं लिहिली होती. गॅरेजच्या दाराबद्दल त्यांत काही नव्हतं.

सकाळी आठला दोघं दोन गाड्या घेऊन जायची. संध्याकाळी साडेसहापर्यंत घरात मी आणि ती. मला गाडी चालवता येत नाही, इंग्रजी येत नाही. रस्त्यावर पायी चालणारं माणूस दिसायचं नाही. बाहेर पाऊस, तोही धड पडत नाही आणि थांबतही नाही. घर एवढं मोठं, खाली-वर मिळून सात खोल्या, पण दुपारी दोनच्या सुमारास मला श्वास पुरायचा नाही.

हाताला काम होतं. डोक्याचं काही खरं नव्हतं. शेगडी बंद केली का? जाऊन बघायचं, केलेली असायची. जिन्याचं फाटक लावलं का? बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल का? मुलगा काल जेवताना बोलला नाही, नोकरीत काही झालं का? पोर गप्प आहे, तोंडात काही घातलं का? शेगडी बंद केली का? गिरणीत दाणा नसताना जातं फिरत राहावं तसं दिवसभर चालायचं. रक्तदाब वाढला. सुनेनं ते ओळखलं, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. ती मला शनिवारी ध्यानाच्या वर्गाला सोडू लागली.

वर्ग एका निवृत्त डॉक्टरांच्या तळघरात भरायचा. मूळचे नागपूरचे, चाळीस वर्षं तिकडे. सगळे त्यांना काका म्हणायचे, मी डॉक्टर म्हणायचे, कारण वयानं आम्ही सारखेच. आम्ही सात-आठ आज्या आणि दोन आजोबा. आजोबा पहिल्या पाच मिनिटांत घोरू लागायचे. डॉक्टर सांगायचे, विचार आले तर येऊ द्या, ढगांसारखे जाऊ द्या. मी त्यांना सांगितलं, तुमच्या गावचे ढग जातात कुठे, डोक्यावरच बसतात. ते हसले. मग त्यांनी धबधब्याच्या आवाजाची सीडी दिली. ती लावली की मला दर दहा मिनिटांनी लघवीला जावं लागायचं. नामस्मरण करा म्हणाले. तोंड नाम घ्यायचं आणि डोकं त्याखालून शेगडीकडे जायचं. पन्नास वर्षं नाम घेतल्यावर तोंडाला माणसाची गरज उरत नाही.

शेवटी ते म्हणाले, "वहिनी, जिथे कोणी येत नाही अशी एक जागा धरा. रोज दहा मिनिटं. जास्त नको."

त्या घरात अशी जागा गॅरेज एवढीच होती. स्वयंपाकघर आणि बैठक एकच, मध्ये भिंत नाही. मी गॅरेजमध्ये कपडे वाळवायच्या यंत्राशेजारी घडीची खुर्ची मांडली. मधलं दार आपोआप मिटायचं, म्हणून साबणाच्या भुकटीचा डबा अडकवून ते उघडं ठेवायचं. पोर दुपारी बैठकीत जमिनीवर गोधडी घालून निजायची, कारण कठड्याच्या पलंगातून तिला उचलणं माझ्या कमरेला झेपत नव्हतं.

दहा मिनिटं कळायची कशी? मी संध्याकाळच्या वरणाचा कुकर चढवून जायची. तीन शिट्ट्या झाल्या की ध्यान संपलं. तिथल्या विजेच्या शेगडीवर नेमकी दहा-अकरा मिनिटं लागायची. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली होती. आता कळतं की शिट्टीची वाट बघणारं माणूस ध्यान करत नसतं, कुकरच सांभाळत असतं.

त्या दिवशी तिसरी शिट्टी झाली, मी उठले, आणि दारात पोर उभी. तिनं साबणाचा डबा ओढला. पावडर मिळाली याचा तिला आनंद झाला. दार मिटलं. मी पोचायच्या आत खट् झालं.

पाचवी शिट्टी.

मी मोठ्या दाराचं बटण दाबलं. ते वर गेलं, मी बाहेर धावले. पुढचं दार बंद, मागचं काचेचंही आतून लावलेलं, किल्ली आत. शेजारच्या दोन्ही घरांत दिवसा कोणी नसायचं. रस्त्याच्या मध्ये उभी राहून मी हेल्प हेल्प ओरडले. कोणी आलं नाही. आणि मागून पोरीचं रडणं ऐकू आलं, पण ते लांब जात होतं. मी दिसत नाही, आवाज देत नाही, म्हणून ती मला शोधायला निघाली होती. आजीला शोधायचं तर कुठे? शेगडीपाशी. दिवसभर मी तिथेच असायची.

मी परत दाराशी आले. तेव्हा मला समजलं की मदतीला गेले तर ती कुकरकडे जाणार, आणि तिला इथे धरून ठेवायचं तर मला हलता येणार नाही. हाक मारली. रडणं थांबेना. डोक्यात सगळं एकदम: झाकण उडेल, ती शेगडीच्या पुढच्या दांड्याला लोंबकळते, जिन्याचं फाटक, साबण तोंडात गेला असेल तर, मुलाला काय सांगू.

मला अंगाई येत नाही, गळाच नाही. तिला निजवताना मी पाढे म्हणायची. मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या वेळी रोज दिवेलागणीला परवचा असायचा, पावकी, निमकी, पाऊणकी, सगळं तोंडपाठ. ते अजून येतं. म्हणून मी दाराला तोंड लावून मोठ्यानं बेचा पाढा सुरू केला. बे एके बे. रडणं जरा जवळ आलं. तीनचा, चारचा. दाराला तिची पाठ टेकल्याचं जाणवलं.

पण पाढा तोंडातून आपोआप जात होता आणि कान शिट्ट्या मोजत होते. अकरा. बारा. जीभ अडखळली की ती उठून जाईल एवढं मला कळत होतं. मग मी औटकी धरली. औट म्हणजे साडेतीन. ती लहानपणी मला सगळ्यांत जड जायची, एक घर चुकलं की पुढची सगळी चुकतात. एक औट साडेतीन. दोन औट सात. तीन औट साडेदहा. तिथे दुसरीकडे बघायला सवडच नाही. तेरा औट साडेपंचेचाळीस. चौदा औट एकोणपन्नास. तीसपर्यंत गेले आणि परत एकपासून आले.

कितव्या शिट्टीला शिट्ट्या थांबल्या, मला सांगता येणार नाही. नंतर सगळ्यांनी विचारलं. मी ऐकलीच नाही.

थांबल्याचं मात्र कळलं, कारण फार शांत झालं. कुकरमधलं पाणी संपलं होतं. मी सतरा औटवर होते. साडेएकोणसाठ म्हटलं आणि आत फट्ट झालं. मागोमाग फवारल्यासारखा आवाज. मी गप्प झाले. आतूनही काही नाही. त्या वेळी मी मनात तिला मेलेली धरली. हे सुनेला मी अजून सांगितलेलं नाही.

मग दाराच्या मागून, गुडघ्याच्या उंचीवरून आवाज आला. "मोअर."

अठरा औट त्रेसष्ट. धुराचा भोंगा वाजायला लागला, ती पुन्हा रडायला लागली, मी त्याच्याही वर ओरडत म्हणत राहिले. टपाल टाकणारी बाई गाडी घेऊन आली तेव्हा तिनं हेच पाहिलं असणार: उघडं गॅरेज, साडी नेसलेली म्हातारी, दाराला गाल लावून आकडे ओरडतेय. मी पाढा न सोडता हात गुडघ्याएवढा खाली धरून दाखवला, मग दाराकडे बोट केलं. मध्ये एकदाच म्हटलं, "बेबी. बेबी इनसाइड." शहाणी बाई होती. तिनं फोन लावला.

बंबवाले आले. एकानं दार फोडायला पहार उचलली. मी आडवी उभी राहिले. मला इंग्रजीत सांगता येईना की ती दाराला टेकून बसलीय. मी दोन्ही हात पसरले आणि मान हलवत राहिले. तो थांबला. ते मागचं काचेचं दार उचकटून आत गेले. मी तेविसाव्या औटावर असताना मधलं दार उघडलं. बंबवाल्याच्या कडेवर ती, तोंडाला साबण, शेंबूड आणि डोळे सुजलेले. भाजलेलं कुठेच नव्हतं. कुकरचं सुरक्षेचं बटण वितळून उडालं होतं. डाळ छतावर, खिडकीवर, शेगडीपुढच्या जमिनीवर आणि पोरीच्या उंचीपर्यंतच्या कपाटांवर.

मुलगा आला आणि छत पुसत बसला. सुनेनं पोरीला घट्ट धरून विचारलं, "आई, तुम्ही गॅरेजमध्ये काय करत होतात?"

"ध्यान."

"कुकर लावून?"

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर आठवडाभर बोलले नसते.

शनिवारी डॉक्टरांना सगळं सांगितलं. शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत हे ऐकून ते म्हणाले, "हेच ते, वहिनी." मी म्हटलं, हे होण्यासाठी पोर कोंडावी लागत असेल तर मला नको. ते म्हणाले, आता कोंडल्याशिवाय करून बघा. करून बघितलं. रोज दुपारी, शेगडी थंड असताना, पोरीच्या गोधडीशेजारी बसून औटकी, उलटी. तीस औट एकशे पाच, एकोणतीस औट साडेएकशेएक. सुरुवातीला बारापर्यंत टिकायची, मग शेगडी आठवायची. उठून बघायची, परत येऊन तीसपासून. दहा मिनिटांतली चार मिनिटं डोकं एका जागी राहू लागलं. बाकीचे साडेदहा तास तसेच होते. घर तेच, पाऊस तोच, बाहेर चालणारं माणूस नाही. व्हिसाचे अजून साडेतीन महिने उरले होते आणि ते मी एक-एक दिवस करून काढले. कोणी विचारलं ध्यानानं मोकळं वाटतं का, तर नाही वाटत. खुंटीला बांधलेल्या गुरासारखं वाटतं. पण बांधलेलं जनावर निदान भटकून दुसऱ्याच्या शेतात शिरत नाही.

खुंटीवर मुलानं प्लॅस्टिकचं टोपण बसवलं. विहीणबाईंच्या वहीत पंधरावं पान मी लिहिलं.

दार बडवताना माझी उजवी करंगळी मोडली होती, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ती वाकडी जुळली. नातीच्या अंगावर एक ओरखडा नाही. आम्ही दोघी वाचलो.