वाकलेली कड

डहाणूहून तलासरीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ते रोज माझ्या शेजारी बसायचे. निवृत्त पोलीस, आता एका कारखान्यावर पहारेकरी. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती, तरी उतरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पिशव्या ते त्याच हाताने खाली द्यायचे.

एकदा मी बोटांचं विचारलंच.

"चकमकीत रायफल अडकली, सर." त्यांनी चष्म्याचं घर उघडून त्याच्या कडेवर अंगठा टेकवला. "हे गोळ्यांचं मॅगझिन समजा. ही कड जराशी वाकली तरी गोळी तिरकी वर येते आणि अडकते. मी ती काढत होतो, तेवढ्यात समोरून गोळी आली."

"कड वाकली कशी?"

"आदल्या दिवशी माझ्या जोडीदाराच्या हातून माझं मॅगझिन पडलं होतं. मी लांबून पाहिलं. म्हटलं, एवढ्याने काय होतंय! त्याला वाटलं, कोणी पाहिलंच नाही. नंतर मी दिसलो की तो रस्ता बदलायचा. आपणहून बोलेल म्हणून मी वाट बघत राहिलो."

"मग बोलले?"

"गेल्या महिन्यात वारला, चिंचणीला." ते खिडकीबाहेर बघत होते. "बोटांचं काय एवढं, सर? मीच त्याच्या दारी जाऊन म्हणायला हवं होतं, अरे, मला पहिल्यापासून ठाऊक आहे, चल, चहा पिऊ."

तलासरी आलं. दोघांनाही तिथेच उतरायचं होतं, पण कंडक्टरने हाक मारेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.