तीन मिस्ड कॉल

पोस्टातून निवृत्त झाल्यावर दोनेक महिने मी घरी बसून होतो. म्हणजे बायकोच्या मते बसून होतो. माझ्या मते मी तिला स्वयंपाकात मदत करत होतो. शेवटी तिनेच मार्ग काढला. नवीन पनवेलमधल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर बेघर लोकांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचं ऑफिस आहे. तिथे जाऊन तिने मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं.

संस्थेचं काम साधं होतं. लोकांनी दिलेले जुने बटणवाले मोबाइल दुरुस्त करायचे आणि एसटी स्टँडच्या आसपास, उड्डाणपुलाखाली राहणाऱ्यांना द्यायचे. मग फोन करून कळवायचं, की दवाखान्याची गाडी कधी येणार, आधार कार्डासाठी कुठे जायचं, निवारा केंद्रात जागा झाली का. हे फोन करायचं काम माझ्याकडे आलं. तिथली कार्यकर्ती माझ्या मुलीच्या वयाची. तिने माझ्या मोबाइलवर एक अॅप टाकून दिलं. त्यात माणसाची नोंद करताना पत्त्याचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मी तिला म्हटलं, बेघर माणसाला पत्ता विचारणारं हे कुठलं शहाणं अॅप. ती म्हणाली, काका, तुम्ही पोस्टातले ना, लिहा काहीतरी. मी लिहीत गेलो: उड्डाणपुलाचा पाचवा खांब, चहाच्या टपरीमागे, निळ्या ताडपत्रीशेजारी. या पत्त्यावर पत्र नक्की पोचलं असतं.

त्या पाचव्या खांबाखालची बाई मात्र माझा फोन कधीच उचलायची नाही. आठवडाभर मी रोज सकाळी तिला फोन लावला. घंटी वाजून वाजून बंद व्हायची. सगळ्यांना फुकट फोन दिले की असंच होणार, असं मी घरी दोनदा बोलून दाखवलं. बायको म्हणाली, इथे बसून चिडण्यापेक्षा जाऊन बघा.

गेलो. पन्नाशी-साठीची, काटक बाई, पुढ्यात लसणाचा ढीग घेऊन बसली होती. स्टँडजवळच्या हॉटेलांना ती लसूण सोलून द्यायची. मी उभ्या उभ्या माझी तक्रार ऐकवली. ती सोलत राहिली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा तिने मान वर करून माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"जरा मोठ्यानं बोला दादा," ती म्हणाली. "मना ऐकाया कमी येतं."

मी ओरडून विचारलं, मग फोन घेताना का सांगितलं नाही.

"कोनी इचारलं नाय. फोन मिलत व्हता, मंग मी कशाला सांगू?"

मी तिच्यासमोर खाली बसलो. ती उरणकडच्या एका गावची. पूर्वी टोपली घेऊन सुकी मासळी विकायची. नवरा गेला, मग घरही गेलं. कसं गेलं ते सांगायची तिची इच्छा दिसली नाही, मीही खोदून विचारलं नाही. फोन ती कमरेच्या बटव्यात ठेवायची. घंटी ऐकू येत नसली तरी तो थरथरला की तिला कळायचं. माझे आठवडाभराचे सगळे फोन तिला कळले होते. फक्त उचलून करायचं काय, हा तिचा प्रश्न होता.

मग आम्ही तिथेच बसून ठरवलं. एकदा थरथरला तर दवाखान्याची गाडी स्टँडवर आली आहे. दोनदा, तर मी भेटायला येतोय. तीनदा, तर संस्थेच्या ऑफिसात कॅम्प आहे, आसपासच्या सगळ्यांना कागदपत्रांसकट घेऊन यायचं. मी हे डायरीत लिहून घेतलं. तिला लिहायची गरज पडली नाही.

व्यवस्था झकास चालली. उलट दिशेनेही सुरू झाली: तिचे दोन मिस्ड कॉल म्हणजे कुणीतरी आजारी आहे, या. मी अंघोळीला असलो की बायको बाहेरून सांगायची, एक आलाय, दुसऱ्याची वाट बघतेय.

एका शनिवारी मी बाजारातून पिशव्या घेऊन परत आलो, तर इमारतीच्या फाटकाशी नऊ माणसं उभी होती. डोक्यावर गाठोडी, काखेत वळकट्या, हातात प्लास्टिकच्या पिशव्यांत जपलेले कागद. सोबत एक कुत्रा. सगळ्यांच्या पुढे ती.

"तीन आलं," तिने मला बोटं दाखवली.

मी फोन काढून पाहिला. सदऱ्याच्या खिशात, कोबी आणि नारळाच्या दाबाखाली, त्याने आपल्या मनाने तिला तीनदा फोन लावला होता. कॅम्प वगैरे काही नव्हता. वॉचमन कुत्र्याकडे बघत होता आणि सोसायटीचे सेक्रेटरी गॅलरीतून माझ्याकडे. चूक झाली, परत जा, असं त्या माणसांना सांगायला माझी जीभ रेटेना. मी ऑफिसात शिरून कार्यकर्तीला खरं काय ते सांगितलं. तिने बाहेर डोकावून माणसं मोजली. मग म्हणाली, "काका, आता आलेच आहेत तर कॅम्प करूनच टाकू."

तिने ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांचा दवाखाना जवळच होता, त्या तासाभरासाठी आल्या. माझ्या बायकोने मोठ्या पातेल्यात पोहे केले. कुणाचा खोकला तपासला, कुणाची जखम धुतली. लसूणवाल्या बाईचा नंबर आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानात बॅटरी मारून नीट पाहिलं. मग पिचकारी मागवली. उजव्या कानातून जो मळ निघाला तो मी वर्णन करून सांगणार नाही.

ती दचकून वर बघायला लागली. पंखा कुरकुरत होता. मी तिच्याजवळ वाकून, तिच्याशी बोलायच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, बरं वाटतंय का.

"दादा," ती म्हणाली, "तुमी यवढं वरडता कशाला?"

सगळे हसले, सेक्रेटरीसुद्धा. ते पोह्यांच्या वासाने केव्हाच खाली उतरले होते.

डाव्या कानाचा प्रश्न मळाचा नव्हता. त्यासाठी सरकारी दवाखान्यात चार खेपा झाल्या. काही महिन्यांनी कानाचं मशीन मिळालं आणि त्याच सुमाराला महिलांच्या निवारा केंद्रात तिला खाटही मिळाली. तिथे जायला ती आधी तयार नव्हती. एकदा बघून तर या, असं मी म्हटलं. बघायला म्हणून गेली आणि राहिली. बाया फार घोरतात अशी तिची तक्रार आहे, पण झोपताना ती मशीन काढून ठेवते आणि उजवा कान उशीत दाबते. स्टँडवर गेली तरी काढते. हॉर्न ऐकण्यासाठी एवढ्या खेपा घातल्या नाहीत म्हणते.

आता ती पहिल्याच घंटीला फोन उचलते आणि सहजासहजी ठेवत नाही. मी कामाचं सांगून संपवलं, की विचारते, बाई घरात हायत का. मग फोन बायकोकडे जातो. सुके बोंबील कुठे चांगले मिळतात, जवळा निवडायचा कसा, यावर दोघींचं अर्धा-अर्धा तास चालतं. यादीतले बाकीचे फोन करायला मी ताटकळत बसतो.