सोळातला एक

शाळेत सगळे त्यांना बटणबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि शेवटी बाईही त्या नावाला ओ देऊ लागल्या. वडील शिंपी. त्यांच्या माघारी दुकान, शिलाई यंत्रं, कात्र्या सगळं भावाकडे गेलं आणि बाईंच्या वाट्याला बटणांनी भरलेला पत्र्याचा डबा आला. बहिणीला स्वस्तात गुंडाळली म्हणून भाऊ खूश होता. बाई त्याच्याहून खूश होत्या. इतकी वर्षं दुसरीचा वर्ग त्यांनी त्या डब्यावरच तर चालवला.

लग्न झालेलं नव्हतं. थोरल्या बहिणीसोबत दोन खोल्यांत राहत. ताई इस्पितळातून निवृत्त झालेली परिचारिका, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. "तुला पोरं कळतात," ती म्हणायची, "पण त्यांचे आईबाप कळत नाहीत. एक दिवस तोंडघशी पडशील."

त्या वर्षी दुसरीत मैना आली. हे तिचं घरचं नाव, पण शाळेतही तेच चिकटलेलं. पाढे म्हणायला लागली की मध्ये श्वास घ्यायची नाही. वडिलांचं औषधांचं दुकान, शिवाय ते शाळेच्या पालक समितीवर. आई प्रयोगशाळेत रक्त तपासायची. घरी पाहुणे आले की मैनाला खुर्चीवर उभं करत आणि एकोणिसाचा पाढा म्हणायला लावत. 'एकोणीस नव्वे एकाहत्तरासे' आलं की टाळ्या पडत. आधीच्या बाईंनी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, 'गणितात असामान्य.'

बाईंनी तिच्यापुढे मूठभर बटणं ठेवली. मैनाने मोजली, सोळा भरली. पाटीवर लिही म्हटल्यावर तिने सुरेख अक्षरात १६ लिहिलं.

बाईंनी सहावर बोट ठेवलं. "हे यातले कुठले गं?"

मैनाने सहा बटणं वेगळी काढली.

"आणि हा एक?"

मैनाने एक बटण पुढे सरकवलं.

"मग ही बाकीची?"

मैनाने मधेच पडलेल्या नऊ बटणांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि गोड हसली. "ती उरली."

"बरं. आठ जास्त की सहा?"

"आठ एके आठ, आठ दुणे सोळा..." मैना सुरू झाली. बाईंनी तिला हळूच थांबवलं. आधी कळस, मग पाया, अशी गत होती. नुसता कळस, तोही हवेत.

मग रोज मधल्या सुट्टीत दोघी कोपऱ्यातल्या सतरंजीवर बसू लागल्या. बाई झाकणाखाली आठ बटणं ठेवायच्या, मैनाकडूनच मोजून घेऊन. बाहेर तीन ठेवायच्या. "एकूण किती?" मैना झाकण उचलायची आणि पहिल्यापासून मोजायची, एक, दोन, तीन. झाकलेलं आठ तिच्या लेखी नाहीसंच व्हायचं. पुन्हा झाकायचं, पुन्हा उचलायचं. बाईंना घाई नव्हती. मैनाही कंटाळत नव्हती. पाढे म्हणताना कपाळावर चढणारी आठी तिथे दिसत नसे.

आणि एके दिवशी मैनाने झाकणाला हात लावला, पण उचललं नाही. तळवा तसाच ठेवून म्हणाली, "आठ..." थोडी थांबली. मग बाहेरच्या एकेका बटणावर बोट ठेवत, "नऊ, दहा, अकरा."

बाईंचे डोळे भरून आले. घरी जाऊन ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "आठ नि तीन अकरा, यात रडण्यासारखं काय?"

"अगं, कालपर्यंत आठ हा तिच्यासाठी नुसता आवाज होता. आज तिने तो हाताखाली धरला."

हाच आनंद घेऊन बाई पालकसभेला गेल्या आणि तिथेच फसल्या. सगळ्यांसमोर त्यांनी मैनाच्या आईला सांगितलं, "मैना आता पुढे मोजायला लागली. पहिल्यापासून मोजत नाही. मोठी मजल मारलीय तिने."

आईचा चेहरा उतरला. "आठ नि तीन? बाई, ती एकोणिसाचा पाढा म्हणते!"

"म्हणते ना. पण एकोणीस म्हणजे किती, ते तिला आत्ता कुठे..."

"म्हणजे माझी मुलगी मंद आहे?"

"छे हो! उलट आत्ता तिचं गणित खरं सुरू झालंय."

'आत्ता सुरू झालंय' हे वडिलांच्या नाकाला मिरचीसारखं झोंबलं. त्यांनी मैनाला पुढे बोलावलं आणि तिथेच पाढा म्हणायला लावला. ती घडाघडा म्हणाली. पालकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत बाई हातातला खडू फिरवत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेने बोलावलं. तिला शाळेत मोठ्या बाई म्हणत, वयाने ती धाकटी असूनही. "तुमचं चूक नाही हो," ती म्हणाली. "पण समितीवरच्या माणसाच्या मुलीला बटणं? शेरा लिहा, 'प्रगती उत्तम', आणि विषय मिटवा."

"पण ती मागे पडेल. आज तिला थोडं थांबवून..."

"नाहीतर वर्ग दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल."

बाईंनी तो शेरा आठवडाभर लिहिला नाही. मग लिहिला. वर्ग गेला तर बाकीच्या मुलांचं काय, असं मनाशी म्हणत लिहिला, आणि त्यात किती खरं नि किती भीती, याचा शोध त्यांनी घेतला नाही. मैना सुट्टीत यायची बंद झाली. एकदा दारापर्यंत आली आणि म्हणाली, "बाबा म्हणतात, बटणं बाळांची असतात." बोलून तिथेच घुटमळत राहिली. बाईंनी तिला आत बोलावलं नाही.

चौथीत गेल्यावर मैनाचा मनोरा कोसळला. 'टोपलीत इतकी फळं होती, इतकी खराब निघाली' असं आलं की तिला काय करायचं ते कळेना. कोणता पाढा म्हणायचा, असं ती विचारायची. हातच्याचा एक कुठून येतो नि कुठे जातो, ते तिला ठाऊक नव्हतं. गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी तिला उलट्या होऊ लागल्या.

आईवडील शाळेत आले ते थेट बटणबाईंवर. "दुसरीत उत्तम म्हणालात ना? मग उत्तम मुलगी नापास कशी होते? तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

बाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"मी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "पालकसभेत. सगळ्यांसमोर."

"तुम्ही म्हणालात मोठी मजल मारली!" आई म्हणाली, आणि एकदम रडू लागली. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तेवढंच आठवत होतं.

तक्रार झाली. बाईंचा वर्ग गेलाच, जो वाचवण्यासाठी त्यांनी तो शेरा लिहिला होता. त्यांना वाचनालयात बसवलं, फाटक्या पुस्तकांना कव्हरं घालायला. ताईने मात्र 'सांगितलं होतं ना' म्हटलं नाही. त्या दिवशी ताटं तिनेच वाढली.

चौथीचा वर्ग वाचनालयात आला तेव्हा मैना शेवटची उरली. उंच झाली होती. बाई म्हणाल्या, "मैना, सुट्टीत येत जा. आपण परत करू, निवांत. कुणाला सांगायचं नाही."

"नको, बाई. मला गणित येत नाही."

"कोण म्हणतं असं?"

"कुणी नाही. मलाच माहीत आहे." वय सांगावं तितक्या सरळ आवाजात ती बोलली. पुस्तक काखेत मारलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

वडिलांनी तिला महागडी शिकवणी लावली. तिथे तिला युक्ती शिकवली: 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसलं की पाढा. मैनाने सगळे शब्द पाठ केले. वर्षअखेरीस ती पास झाली, आणि मोठ्या बाईंनी तिच्या प्रगतिपुस्तकात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'लक्षणीय सुधारणा.'